दोन सुनांच्या नावावर

अर्धापूर
१४ जून २०२५

उज्वला,

हे पत्र वर्षाराणीच्या हातून पाठवून राहिले. पोस्टानं टाकलं असतं तर आधी शिवशंकर भाऊजींच्या हाती पडलं असतं, आणि फोन तर तू उचलत नाहीस. पहिल्या वर्षी मी बरेचदा करून पाहिला. मग माझाही हात आखडला.

माझी वर्षा दर रविवारी तुझ्याकडं जेवायला येते हे मला ठाऊक आहे. पोरीनं सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात ती लातूरहून लॅबची सुट्टी काढून घरी आली, तर पिशवीत जवसाच्या चटणीची बाटली. तुम्हा निलंग्याकडच्या बायकांशिवाय त्या चटणीत एवढा लसूण कोणी घालत नाही. मी चटणी ताटात घेतली, यांनाही वाढली. यांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "ही कुठली?" म्हटलं, "लातूरची." मग यांनी चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सहा वर्षं होतील आता तुम्हाला घर सोडून. मध्ये एकदाच आपण समोर आलो, नरसिंगमामांच्या मुलीच्या लग्नात. तू पंगतीच्या त्या टोकाला होतीस. मी पाण्याचा जग घेऊन तुझ्या ओळीकडं वळले, तर तू ताट अर्धं टाकून हात धुवायला उठलीस. रुद्राणी मात्र माझ्याकडं बघून हसली. केवढी उंच झाली पोरगी.

आता मुद्द्याचं, आपल्या सासऱ्यांचं लिहिते. मामा माघ महिन्यात न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. सळई टाकली, आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. भाऊजी बघायला आले होते, तुला माहीत असेलच. परवा मामांनी मला आणि यांना समोर बसवलं आणि म्हणाले, "हिरीपाशी चार एकर उरलंय, ते दोघी सुनांच्या नावावर करून टाकायचंय. दोन सिंधुला, दोन उज्वलाला."

हे म्हणाले, "आबा, आणि पोरांचं?"

"पोरांला रस्त्यात गेलेल्या रानाचा पैसा दिला. आता सुनांची बारी."

ती चार एकर मामांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे. केळीच्या गाड्या भरायची मुकादमकी करायचे तेव्हाची. वडिलार्जित नाही, म्हणून कुणाला द्यायची ते त्यांनीच ठरवायचं, असं वकिलानं सांगितलं. बक्षीसपत्र करायचं म्हणतात. त्यावर देणाऱ्याची सही लागते, तशी घेणारीचीही लागते. म्हणून तुला यावं लागेल.

तुझा-माझा राग आपल्या जागी राहू दे. मामांची तब्येत बघता त्यांना लई दिवस ताटकळत ठेवणं बरं नाही.

सिंधु


अर्धापूर
६ जुलै २०२५

उज्वला,

वर्षानं सांगितलं की तू पत्र ओट्यापाशी उभ्यानं वाचलंस, घडी घालून तांदळाच्या डब्यामागं ठेवलंस आणि तिला आणखी एक पोळी वाढलीस. बाकी काही बोलली नाहीस.

बोलले ते भाऊजी. त्यांना मी कळवलं नव्हतं. मामांनीच फोन करून सांगितलं, त्यांना लपवून काही करायचं नव्हतं. मग भाऊजींचा फोन यांना आला. एवढ्या मोठ्यानं बोलत होते की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "माझ्या हक्काचं माझ्या बायकोच्या नावावर? मी मेलो का?" हे म्हणाले, "बायको तुझीच हाय ना, शिवा? का दुसऱ्याची हाय?" फोन तिकडून बंद झाला.

त्या दिवसापासून मला ती सहा वर्षांपूर्वीची बैठक सारखी आठवून राहिली. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा पैसा खात्यावर पडला तो आठवडा. तेव्हा गावात घरटी चारचाकी आली होती. प्लॉटवाले, विमावाले, गाड्यांचे एजंट, सगळे आपल्या ओसरीवर चहा पिऊन गेले. मामांनी दोघा भावांना सारखे हिस्से करून दिले आणि विचारलं, काय करणार? हे "बघू" म्हणाले. भाऊजींनी लातूरला फ्लॅट, गाडी, हॉटेलची भागीदारी असं सगळं सांगितलं. रुद्राणीला लातूरला शिकवायचं म्हणाले, ते तर मलाही पटलं होतं. मी एवढंच म्हणाले की थोडं पुन्हा जमिनीत घालू, थोडं बँकेत पडू देऊ, आणि त्यातलं काहीतरी आम्हा दोघींच्या नावावर असू द्या.

भाऊजी हसले. "वहिनी, तुम्ही बँकेच्या मॅनेजर कधी झालात?" सगळेच हसले. मी तुझ्याकडं पाहिलं. तुझ्या हातात चहाचा ट्रे होता. तू म्हणालीस, "अक्का, माझ्या नवऱ्याचा पैसा हाय. तो काय मला उपाशी ठेवणार हाय का?"

त्यात चूक काही नव्हतं. बाईनं नवऱ्यावर भरवसा ठेवावा, त्यात काय वाईट. मला लागलं ते एवढंच की बोलताना तू ट्रेकडं बघत होतीस.

कारण उज्वला, पैशाचं मी जे काही शिकले ते तुझ्याबरोबरच शिकले. आठवतं का, केळी कापणीला आली की व्यापारी चांगले घड उचलायचा आणि बारका माल बांधावर टाकून जायचा. ती कच्ची केळी आपण दोघी वेचायचो. तू किसणी धरायचीस, मी कढई. सगळ्या घराला तेलाचा वास. पहिल्या खेपेला वेफर्स इतके जाड झाले की सासू असून अत्याबाई हसत म्हणाल्या, "ह्यानं तर माझे राहिलेले दात पडतील." तरी स्टँडवरच्या चहावाल्यानं पिशव्या ठेवून घेतल्या. दर आठवड्याला तो पैसे द्यायचा, अर्धे तुझे, अर्धे माझे. माझे अर्धे पोस्टात जायचे आणि तुझे नांदेडला वजिराबादच्या बाजारात.

एकदा तू नांदेडहून दोघींसाठी सारख्या चपला आणल्यास. उंच टाचेच्या, लाल. मळ्यातल्या घरात उंच टाचा. बांधावर पाऊल टाकलं की टाच मातीत रुतायची. मी रागावले होते, म्हणाले होते, "हे पैसे पाण्यात घातलेस." पण दुपारी मामा झोपले की आपण दोघी ओसरीवर त्या घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचो. अत्याबाई सुपात डाळ पाखडत बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. एकदा तर म्हणाल्या, "मला बी बघू दे एक डाव." त्यांना घातल्यावर त्या हलल्याच नाहीत, खांब धरून उभ्याच राहिल्या. आपण दोघी खाली बसून हसलो.

पोस्टातल्या पैशानं नंतर पिठाची गिरणी आली आणि ती गिरणी अजून चालू आहे. पण माझ्या लग्नानंतरची पहिली दहा वर्षं कशी गेली असं कुणी विचारलं, तर मला गिरणी आठवत नाही.

ये. मामा रोज विचारतात, "लातूरचं काय कळलं?"

सिंधु


अर्धापूर
२७ जुलै २०२५

उज्वला,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची का होईना, तुझ्या अक्षरातली होती. तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडं पडतं.

तू लिहितेस, "अक्का, माझं नाव वगळा. नाव लागलं तर मला ह्या घरात राहणं अवघड होईल. आणि खरं सांगा, सगळं सांभाळून ठेवून तुम्हाला तरी काय मिळालं?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तो तू रागानं विचारला असशील तरी मी स्वतःलाही पुष्कळदा विचारलेला आहे.

आमच्या वाट्याच्या पैशातून आम्ही माझ्या माहेराकडं, भोकरच्या बाजूला, माळाची जमीन घेतली. स्वस्त होती, कारण तीत दगडच जास्त. माझं नाव यांच्या नावाच्या बरोबरीनं लावलं. सीताफळ लावलं. पहिली तीन वर्षं हाती काही आलं नाही. हे जुन्या मोटारसायकलवर जायचे, परत येताना अंगावर फुफाटा. गावात ज्यांनी गाड्या घेतल्या ते हात दाखवून पुढं जायचे. यांचं आणि माझं त्यावरून कडाक्याचं वाजायचं. "बँकेत पैसा कुजून राहिला आणि मी इथं धूळ खाऊन राहिलो," असं म्हणायचे. मी ठेवीला हात लावू दिला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी यांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेलं, बायपास सांगितली. त्या दिवशी मला कुणाच्याही दारात जावं लागलं नाही. मी बँकेत गेले, एक ठेव मोडली, दवाखान्यात भरली. तुला वर्षानं कळवलं होतं. तू दवाखान्यात आली नाहीस, पण वर्षाच्या हाती डबा यायचा आणि तो तिच्या हॉस्टेलच्या खानावळीचा नव्हता एवढं मला कळत होतं.

हे मिळालं. आता गेलं ते ऐक.

ज्या उन्हाळ्यात आम्ही माळाचा इसार दिला, त्याच उन्हाळ्यात वर्षाला फिजिओथेरपीची सीट लागली होती, नगरकडच्या खाजगी कॉलेजात. फी भरता आली असती. पण साडेचार वर्षं दर वर्षी भरायची तर ठेवी संपल्या असत्या, आणि मी म्हणाले नाही जमायचं. ती भांडली नाही. लॅबचा दोन वर्षांचा कोर्स केला, नोकरीला लागली, दर महिन्याला घरी पैसे पाठवू का म्हणून विचारते. एकदा फक्त, तिच्या बाबांकडून दवाखान्यात व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, पांढरा कोट घातलेली, तिच्याकडं बघत ती दारात उभी राहिली. मी शेजारीच होते. मग ती चहा आणायला खाली गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

ज्या ठेवीला मी लेकीसाठी हात लावला नाही, त्याच ठेवीनं तिचा बाप वाचला. आता हे शहाणपण झालं की काय झालं, उज्वला?  कुणी तिऱ्हाईत माणूस माझं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते.

आता तुझ्या नावाचं. मी मामांना विचारलं, "तिला अडचण होत असंल तर तिचा वाटा रुद्राणीच्या नावावर करू का?"

मामा म्हणाले, "पोरगी अज्ञान हाय. तिचा पालक कोण लागंल?"

मी म्हणाले, "तिचे वडील."

"मंग फिरून तिथंच आलो की आपण."

थोड्या वेळानं वॉकर पुढं ओढत म्हणाले, "सिंधु, तिला म्हणाव, मी कशात अडकवून राहिलो न्हाई तुला. इकायची आसंल तर खुशाल इक. पर तू इक. तुझ्या मनानं इक."

म्हणून मी तुला "विकू नकोस" असं लिहीत नाही. मला तो हक्क नाही. आणि घरात राहणं अवघड होईल हेही मी हलकं समजत नाही, ते तुलाच निभावायचं आहे. पण माझ्या मनात येतं ते लिहिते. हॉटेल बंद झालं, गाडी विकली, हे मला वर्षाकडून नाही, गावाकडून कळलं. उद्या रुद्राणीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होईल. नंबर चांगला लागला तरी पैसा लागेल, नाही लागला तर जास्त लागेल. त्या दिवशी तुझ्या हातात काय असेल?

पोळ्याच्या आधी तारीख घेतली आहे. वर्षा सांगेल. मी सकाळपासून रजिस्ट्री ऑफिसात असेन.

सिंधु


अर्धापूर
२६ ऑगस्ट २०२५

उज्वला,

त्या दिवशी रजिस्ट्रीत तू रुद्राणीचा हात धरून आत आलीस, समोरच्या बाकावर भाऊजी बसलेले बघितलेस आणि दारातच थांबलीस. मला तेव्हाच सांगायचं होतं, पण कारकुनानं नावं पुकारली. नंतर मामांनी स्टँडवर भजी खायची म्हणून हट्ट धरला, तू त्यांना भजी फुंकून देत होतीस, सगळे भोवती होते. भाऊजींनी तुला काही सांगितलं नसेल. ते सांगणाऱ्यातले नाहीत. म्हणून मी लिहिते. तुला ठाऊक असायला पाहिजे.

भाऊजी आदल्या दिवशीच आले होते. तुला बार्शीला कामानं जातो म्हणाले होते ना? दिवस मावळायच्या आत ते आपल्या दारात. हातात पिशवीही नव्हती. हे माळावर गेलेले. घरात मी आणि मामा. मला वाटलं, आता काही खरं नाही. मी भाकरी थापायला बसले, चुलीपासून ओसरीवरचं सगळं ऐकू येतं.

 मग भाऊजी म्हणाले, "आबा, मी काय परका हाय का? मला इचारलं बी न्हाई तुमी."

"परका आसतास तर इचारलं आसतं. तू माझा हायेस, तुझं मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"तुझ्या हातात दिली तर दिवाळीपोत्तर ऱ्हाईल का? खरं सांग. इथं कोन न्हाई."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. मला वाटलं आता भाऊजी उठून जातील, का आवाज चढवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले, "न्हाई ऱ्हायची."

मामांचा वॉकर सरकल्याचा आवाज आला.

मग भाऊजीच बोलायला लागले. उज्वला, मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, मी सून होऊन आले तेव्हा ते मिसरूड फुटलेलं पोरगं होते, पण त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "हॉटेल बुडालं तवापासून रोज सकाळी उठलो की वाटतं, आनखी एक डाव टाकला तर सगळं निघून येईल. कोन ना कोन रोज काहीतरी दाखवतं. हे घ्या, त्यात घाला. मला ना म्हनता येत न्हाई. मलाच माझा भरवसा न्हाई ऱ्हायला, आबा. घरी तिला मी हे सांगू शकत न्हाई. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हाती."

मामा म्हणाले, "जेव आधी."

मी ताट वाढून नेलं. पिठलं-भाकरी होती, दुसरं काही नव्हतं. ते जेवले, तीन भाकरी खाल्ल्या. हात धुताना माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "वहिनी, उद्या साक्षीदार कोन हायेत?"

म्हटलं, "नरसिंगमामा, आणि शेजारचे एकजण."

"शेजारच्याला कशाला तरास. ते नाव माझं लावा."

म्हणून त्यांची सही तिथं होती. तुला वाटलं असेल, कुणी त्यांना दाबून आणलं. तसं नव्हतं. सही करताना त्यांनी पेन दोनदा उचललं ते तू पाहिलंस, मीही पाहिलं. पण ते पेन त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

हे मी तुला सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. आणि जमलं तर त्यांच्या तोंडाकडं थोडं कमी बघत जा.

तुझी अक्का


अर्धापूर
९ जानेवारी २०२६

उज्वला,

फोन आता रोजच होतो, तरी लिहायला बसले. आपण बोलत असलो की तिकडं वर्षा आणि रुद्राणी स्पीकरला कान लावून असतात, आणि मला आज जे मागायचं आहे ते तू एकटीनं वाचावंस असं वाटलं.

मामांशिवायचा हा पहिला महिना चालू आहे. वॉकर अजून ओसरीवरच आहे, द्यायचा कुणाला ते ठरत नाही. तू त्या तेरा दिवसांत इथं होतीस म्हणून मी उभी राहिले. रडायचं सोडून तू पाहुण्यांच्या चहाचा हिशेब बघत होतीस, ते बघून मला हसू आलं होतं. मी विचारलं, "हे कधीपासून?" तर म्हणालीस, "खानावळ चालवती मी आता, अक्का. साखर किती लागती ते मला डोळ्यानं कळतं."

तुझ्या दोन एकरांचं तू जे केलंस ते यांना आधी रुचलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. यांना वाटलं होतं, धाकटी भावजय म्हणेल, दादा, तुम्हीच कसा, काय द्यायचं ते द्या. तू सरळ बाजारभावानं वर्षाचा ठोका, रोख खंड, मागितलास, आणि तोही तुझ्या स्वतःच्या खात्यावर. मग भादव्यात पाणी साचून अर्धी हळद पिवळी पडली तेव्हा हे मला म्हणाले, "बघ, आता ती सूट देती का." तू अर्धं नुकसान सोसायला तयार झालीस, तेव्हा हेच म्हणाले, "न्हाई, ठरलं ते ठरलं. पुढच्या वर्षी चांगलं पिकलं तर ती काय जास्त मागणार हाय?" आता सगळ्यांना सांगत फिरतात की माझी भावजय हिशेबाला पक्की आहे.

फ्लॅटच्या त्या मोठ्या खोलीत क्लासच्या मुली जेवायला बसतात, भाऊजी सकाळी भाजी आणतात, हे वर्षानं सांगितलं. भाजी आणताना ते भाव करतात का, हे मात्र मला विचारायचं होतं. त्यांना कधीच जमलं नाही ते.

आता मुख्य गोष्ट. दहाव्याच्या दिवशी आपण दोघी तांदूळ निवडत होतो आणि तू हळूच म्हणालीस, "अक्का, तुमाला सांगू नको म्हनली हाय, पन सांगती. वर्षा लॅबवरून आली की रुद्राणीच्या पुस्तकातून अभ्यास करती."

मी विचारलं, "कशाचा? तिला काय करायचंय?"

तू म्हणालीस, "तेच. तवा ऱ्हायलेलं, फिजिओथेरपीचं."

त्यावर मी तांदळातले खडे बघत राहिले. तुला वाटलं असेल, अक्काला पटलं नाही. पटायचा प्रश्नच नव्हता. सहा वर्षं पोरीनं ते मनात ठेवलं, आणि ते तिनं तुला सांगितलं, मला नाही. आधी मला त्याचं वाईट वाटलं. मग वाटलं, तू होतीस म्हणून कुणालातरी सांगितलं तरी.

पंधरा दिवस मी ते डोक्यात घेऊन फिरले. आमच्याकडं आता दोन ठेवी उरल्या आहेत. मी त्या कुणाला दाखवत नाही, यांनाही आठवण करून देत नाही. म्हातारपणाच्या म्हणून बाजूला काढलेल्या. वर्षाला आता वाट बदलायची तर नोकरी सोडावी लागणार, परीक्षा मे महिन्यात, क्लास आत्ता लावला तर उपयोग. शिवाय नंबर लागेलच असं कुणी लिहून देत नाही. मी सगळं उलटसुलट करून पाहिलं. उत्तर काही कागदावर येईना.

शेवटी परवा चहा पिताना यांना म्हणाले, "एक ठेव मोडू का? वर्षासाठी."

यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता विचारतील, आजारपण आलं तर काय, माझं हृदय असं, तुझे गुडघे असे. हे म्हणाले, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी मोडली तवा मी इचारलं व्हतं का, कशाला मोडती म्हणून?"

काल बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी दोनदा सांगितलं की मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. मी म्हणाले, "चालतंय." दुसरी ठेव तशीच ठेवली आहे. तेवढी अक्कल अजून शाबूत आहे.

आता तुझ्याकडं मागणं. वर्षानं हॉस्टेल सोडून परीक्षेपर्यंत तुझ्याकडं राहावं असं मला वाटतं. रुद्राणीबरोबर अभ्यास होईल. मात्र तुझ्या खानावळीतल्या इतर मुली जेवढे देतात तेवढे ती देईल. त्यात काकूपणा करू नकोस, नाहीतर मी तिला पाठवायची नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकले आहे. आणि पोरींना रविवारी एकदा बाहेर ने, कुठंही, त्यांना आवडेल तिथं. त्याचे पैसे वेगळे पाठवते. ते पोस्टात टाकायचे नाहीत.

बँकेतून आल्यावर मी वर्षाला फोन केला. ती लॅबमध्येच होती, मागं यंत्राचा आवाज येत होता. मी सांगितलं, ठेव मोडली, क्लास लाव, तुला जे करायचंय ते कर. यंत्राचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "आई, ते तर तुमच्या म्हातारपणाचं होतं."

मी म्हणाले, "म्हातारपण कुठं पळून जातंय, त्याचं आम्ही बघू. तुझं वय थांबणार नाही, त्याचं बघ आधी."

 नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन धरून उभी होते, हे दारात उभे होते. मग पोरगी अगदी लॅबमधल्यासारख्या आवाजात म्हणाली, "नोकरी सोडायची तर महिन्याची नोटीस द्यावी लागेल."

म्हटलं, "दे. आजच दे."

सिंधु